दुसऱ्या भागाला दोन तारे

भावजी, दुसरा भाग सोपा नव्हता.

एवढं एकच वाक्य सांगायचं होतं, आणि ते सांगायला मला तुम्ही जाऊन दोन महिने व्हावे लागले. "लई सोपा हाय, वैनी. पोरखेळ करून ठेवलाय," असं तुम्ही मला म्हणालात, कारखान्यातल्या दोस्तांना म्हणालात, वर सगळ्या जगाला वाचता येईल असं लिहूनही टाकलंत. तेच मत घेऊन गेलात. ते चुकीचं होतं. चूक गेमची नव्हती, तुमचीही नव्हती. चूक होती मांडीवर टॅब्लेट घेऊन तुमच्या शेजारी बसलेल्या, बालवाडीची बाई म्हणून पंचवीस वर्षं काढलेल्या, दहावीला इंग्रजीत काठावर पास झालेल्या तुमच्या वहिनीची.

दहाव्याला आलेल्या बायका विचारत होत्या, "शेवटी काही बोलले का हो?" मी नुसती मान हलवली. काय सांगणार होते? शेवटी ते एका दाराबद्दल बोलत होते, आणि ते दार टॅब्लेटमध्ये आहे, असं?

मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी बारा ते चार. डायलिसिस सेंटरमधली खिडकीजवळची खाट. तुमच्या डाव्या हातात दोन जाड सुया, शेजारी ते यंत्र तुमचं रक्त फिरवत बसलेलं. उजवा हात मोकळा, पण साखरेनं त्याची बोटं बधिर केलेली. तीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात ज्या बोटांनी तुम्ही जकार्डाची कार्डं पाडलीत, तीच बोटं आता काचेवर ठेवली तर काचेला पत्ताच लागत नसे. म्हणून ठरलं, डोकं तुमचं, बोटं माझी. प्राजूनं, माझ्या लेकीनं, काकाचा वेळ जावा म्हणून पुण्याहून पाठवलेल्या टॅब्लेटवर तो गेम टाकून दिला होता.

त्याचं इंग्रजी नाव लांबलचक. आपण 'बुडीतलं गाव' म्हणायचो. धरणाच्या पाण्याखाली गेलेलं एक गाव, आणि हातात कंदील घेऊन त्यात उतरलेली एक मुलगी. तिचा बाप धरणाच्या दारांचा राखणदार. पाणी आलं त्या दिवशी तो खालीच राहिला. दर खोलीला कुलूप, दर कुलपाला कोडं. कोडं सुटलं की बापाच्या गोष्टीचा एक तुकडा हाती लागायचा.

पहिल्याच दिवशी आपलं भांडण झालं.

"वैनी, फरशीच्या डाव्या चौकोनावर दाबा."

"दाबलं."

"डावा म्हणलं मी."

"हा डावाच आहे, भावजी."

"माझा डावा! तुमी माझ्या समोर बसलाय. तुमचा डावा घिऊन मी काय करू?"

तेव्हापासून खुर्ची तुमच्या शेजारी आली. सिस्टर म्हणाल्या, "काका, टीव्ही लावू का, भांडण थांबेल." तुम्ही म्हणालात, "टीव्हीत एवढी मजा न्हाय की."

पहिल्या भागात एका शाळेची खोली होती. काळ्या-पांढऱ्या चौकोनांची फरशी. तिथं आपण तीन आठवडे अडकलो. मी रडकुंडीला आलेली आणि तुम्ही खूश. अडकलात की तुमचा चेहरा उजळायचा. "सुटलं असतं तर ह्या यंत्राकडं बघत बसलो असतो, वैनी. अडकलोय म्हणून बरं हाय. घरी गेल्यावर बी डोकं चालू ऱ्हातंय." मग एका शुक्रवारी तुम्ही एकदम उशीवरून मान उचललीत. "आवो, ही फरशी न्हवं. हे कार्ड हाय! काळं म्हंजे भोक. भोक म्हंजे धागा वर." आलेखाच्या कागदावरचं फूल चौकोन चौकोन मोजून पुठ्ठ्याला भोकं पाडायची, जिथं भोक तिथं धागा उचलला जातो आणि चादरीवर फूल उमटतं, हे तुमचं आयुष्यभराचं काम. तुम्ही डोळे मिटून ओळ सांगत गेलात, "उचल, उचल, सोड, उचल," मी दाबत गेले, आणि कुलूप पडलं. सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या खाटेवरचे आजोबाही जागे झाले.

मला मात्र अडकणं सोसत नाही. बालवाडीत पोर चित्रापुढं तोंड उघडं टाकून उभं राहिलं की माझे ओठ आपोआप 'स' करतात, आणि पोर 'ससा' म्हणून मोकळं होतं. हेडबाई कायम ओरडतात, "अहो, त्याला आठवू द्या!" मला धीर म्हणून नाहीच.

पहिला भाग पाच महिने पुरला. शेवटी मुलगी एका मोठ्या दारापाशी पोचते, पलीकडून बापाचा आवाज येतो, "कोण आहे?" आणि सगळं अंधारून येतं. तुम्ही इतके चिडलात की यंत्र वाजायला लागलं. "हितं कुटं थांबवत्यात काय? बाप बोलतोय आन् ह्यांनी दिवा घालवला!"

दुसरा भाग आला त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. हे, म्हणजे तुमचे दादा, औषधं आणायला खाली गेले होते. म्हणून ते माझ्या वाट्याला आलं. "हृदयाला झेपत नाहीये. किती दिवस ते नाही सांगता येणार. पण लांबचं काही ठरवू नका." मी तोंडावर पाणी मारून आत आले तर तुम्ही उशीला टेकून तयार. "चालू करा, वैनी. बाप सापडतो का तेवढं बघायचं. मग काय का हुईना."

पहिल्याला पाच महिने लागले होते. मी बालवाडीतल्यासारखी बोटांवर मोजत बसले. मोजणी कुठंच जुळेना.

दुसऱ्या दिवशी कुकर लावला आणि फोनवर शोधलं. कानावर डबडी चढवलेला एक मुलगा तोच दुसरा भाग भराभरा खेळून दाखवत होता. त्याचं इंग्रजी मला कळत नव्हतं, बोटं कळत होती. मी हजेरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं, 'डावा, डावा, उजवा, खाली, थांबा, वर.' ह्यांनी ते पाहिलं.

"हे काय? लेझीम बसवतीयास काय पोरांची?"

"हो."

पुढच्या मंगळवारी पहिलं कुलूप मी दहा मिनिटांत पाडलं. तुम्ही माझ्याकडं बघतच राहिलात. "वैनी, तुमी हुशार निघालात की!" भावजी, खोटं कशाला बोलू, मला लाज वाटायला हवी होती आणि मी फुलले. पंचवीस वर्षांत कुणी मला हुशार म्हटलं नव्हतं.

मग सवयच लागली. एका दुपारी तीन-तीन खोल्या. व्हिडिओतला मुलगा कुलपापुरतं तेवढंच बघत पळायचा, म्हणून मीही पळायचे.

"डावीकडं जिना हाय, वैनी. बघू की."

"नको, तिकडं काही नाही."

"तुमाला काय म्हाईत?"

"वाटतं आपलं."

"बरंच वाटाय लागलंय तुमाला."

एकदा तर पकडलेच जाणार होते. कपाटाला चार आकड्यांचं कुलूप होतं, आणि आकडे शेजारच्या टेबलावरच्या चिठ्ठीत. मी पाठ केलेले आकडे घालून मोकळी झाले. कपाट उघडलं. तुम्ही टॅब्लेटकडं मान वळवलीत. मग हळूच म्हणालात,

"चिठ्ठी वाचायची राहिली की आपली."

"अं?"

"त्या टेबलावर चिठ्ठी हाय. आपण उघडलीच न्हाय. आकडा कुटनं काढला?"

"अंदाजानं."

"चार आकडी अंदाज?"

तेवढ्यात तुमच्या हाताखालची नळी दुमडली, यंत्र ओरडलं, सिस्टर धावत आल्या. देवाला नव्हे, त्या नळीला मी मनातल्या मनात हात जोडले. नळी नीट करून त्या गेल्यावर तुम्ही विषय काढला नाहीत. ते मला विचारण्यापेक्षा जड गेलं.

हळूहळू तुमचा रस आटला. दुसऱ्या भागात सोबतीला एक नावाडी आहे. तो न विचारता सगळं समजावत बसतो, म्हणून तुम्ही त्याला सरपंच म्हणायचात. "ह्या सरपंचाला गप करा. आन् कोडी तरी कसली? उघड म्हणलं की उघडतंय." मग तुमचं ते चादरीचं. "आपल्या चादरीला दोन बाजू असत्यात. नक्षी तीच, रंग उलटा. दुसरा भाग तसा पायजे, वैनी. त्याच गावाची दुसरी बाजू. ह्यांनी दुसरीच चादर आणून अंथरलीया."

आणि मी, वहीत उत्तरं लपवलेली मी, गेमची बाजू घेऊन भांडायचे. "तसं काही नाही, चांगला आहे दुसरा भाग."

"काय चांगला? तुमाला बी सुटतोय म्हंजे बघा की!"

मी पुढची खोली उघडली.

मग तो शुक्रवार. म्हणालात, "तितं लोकं मत लिवत्यात न्हवं? आपलं बी लिवा." बोटं माझीच होती. तुम्ही डोळे मिटून, ओळ सांगावी तसं सांगत गेलात. "लिवा. पहिला भाग लई भारी. दुसरा फार सोपा. आमच्या वहिनीला पण सुटतो. करणाऱ्यांनी कष्ट घेतले नाहीत. दोन तारे."

'कष्ट घेतले नाहीत' लिहिताना बोट थांबलं. कुठल्या तरी गावी कुणीतरी डोळे फोडून ती कोडी रचली असतील, आणि इथं सोलापुरात मी त्यांचं नाव घालवत होते. सांगून टाकावं असं वाटलं. पण सांगितलं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारणाशी डॉक्टरांचं वाक्य चिकटलेलं होतं.

"शेवट बघून लिहू ना, भावजी."

"शेवट चांगला निघाला तर बघू. पाठवा."

पाठवलं.

शेवटच्या शुक्रवारी ऊन असं होतं की रिक्षाच्या सीटला हात लावता येत नव्हता. तुम्हाला दिवसाला मोजून पाणी. जिभेवर बर्फाचा खडा धरून तुम्ही खाटेवर चढलात आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिलात. मी टॅब्लेट उघडला. दार आलं. तेच मोठं दार, आणि त्यावर सहा आडव्या ओळी, सहा उभ्या रांगा, काळे-पांढरे चौकोन.

ह्या दाराचं उत्तर मला पाठ होतं. वहीतली शेवटची ओळ. पाच मिनिटांत बाप दिसला असता. मी तोंड उघडलं.

तुमचे डोळे मिटलेले. म्हणालात, "आज सांगू नका हं, वैनी."

"काय सांगू नको?"

"कायबी."

बास. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. यंत्रावर तुमच्या रक्तदाबाचा आकडा उतरत होता. सिस्टर येऊन पायाकडची बाजू उंच करून गेल्या. अर्धा तास झाला, तास झाला. तुमचे ओठ हलत होते, उचल, सोड, सोड, उचल. दारावरची मुलगी कंदील घेऊन ताटकळत उभी. सिस्टर म्हणाल्या, "काका, आज लवकर काढते हं, झेपत नाहीये." मला कळत होतं की वेळ चाललाय. आता नाही तर कधी, आता नाही तर कधी, एवढंच डोक्यात.

"भावजी, मी एकदाच करून बघू का?"

तुम्ही मान हलवलीत. नको. डोळे न उघडता, आणि किंचित हसत.

मी नाही सांगितलं. अख्ख्या दुसऱ्या भागात एकदाच तुमचं ऐकलं, ते त्या दिवशी.

रिक्षात तुम्ही मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हे. आवाज खोल गेलेला, पण तुम्ही जोरात होतात. "वैनी, आपण दाराच्या पुढनं बघतोय. बाप आत हाय. त्येला ही नक्षी मागनं दिसती. म्हणून उलटी पाडायची. उजवीकडनं सुरू करायचं, आन् काळं ते सोडायचं, पांढरं ते उचलायचं. मंगळवारी बघू."

हे म्हणाले, "गप बस की. बोलू नगंस."

"अडकलोय दादा. लई दिसांनी अडकलोय."

रविवारी सकाळी चहा घेऊन वर आले, तेव्हा तुमचा मंगळवार राहूनच गेला होता.

तेव्हापासून हेच. जिथं गप्प बसायचं तिथं तीन महिने बोलले, आणि एकदा गप्प बसले ते नेमकं तुमच्या शेवटच्या शुक्रवारी. बोलले असते तर तुम्ही बाप बघून गेला असतात. आणि म्हणाला असतात, "शेवट बी सोपाच." मला ठरवता येत नाही. कुणाला विचारावं तर तुमच्याशिवाय हा गेम कुणाला माहीत नाही.

आणि तुम्हाला माहीत होतं का हो? 'सांगू नका' म्हणालात ते सहज, की चार आकडी अंदाजापासूनच तुम्ही मला सांभाळून घेत होतात? मला हुशार म्हणत राहिलात ते कुणासाठी?

मी दुसरा भाग पहिल्यापासून सुरू केलाय. तुमचा खेळ जिथल्या तिथं आहे, दारापाशी. गेममध्ये दुसरा खेळ ठेवायला जागा असते, तिथं मी माझा वेगळा उघडलाय. वहीचं ते पान फाडलं, व्हिडिओ बघत नाही. आता माझं मत ऐका. हा गेम अवघड आहे, भावजी. तिसऱ्या खोलीत मी अकरा दिवस होते. चिठ्ठी वाचली तरी आकडे सरळ मिळत नाहीत, आधी खिडक्या मोजाव्या लागतात. दोरांवरून उड्या मारायचे दोन प्रसंग उगीच आहेत, नकाशा काही केल्या कळत नाही, आणि सरपंचाबद्दल तुमचं शंभर टक्के खरं, तो फार बोलतो. पण तो डावीकडचा जिना, जो मी तुम्हाला चढू दिला नाही, तो मी चढले. वर पहिल्या भागातल्या शाळेचं तळघर लागतं. तीच फरशी, पण खालून दिसणारी. बापानं तळघरातून छताकडं बघून एकेक चौकोन भिंतीवर काढून ठेवलाय, लेकीची पावलं कुठं पडली ते कळावं म्हणून. तुम्हाला हवी होती ती दुसरी बाजू त्यांनी केली होती. जिन्यावर ठेवली होती. मी पळवत नेलं तुम्हाला.

ते दोन तारे बदलायला गेले होते. तुमच्या नावाखाली तुमचं वाक्य दिसलं, 'आमच्या वहिनीला पण सुटतो', आणि बोट टेकवेना. तुमचं मत मी एकदा बिघडवलंय. आता पुसायला तरी कशी जाऊ? राहू दे. माझं मी खाली वेगळं लिहिलं, माझ्या नावानं. दुसरा भाग अवघड आहे, घाई करू नका, एवढंच.

काल दुपारी तुमचं दार उघडून बसले. मंगळवार कुणीतरी करायला हवा होता. तुम्ही रिक्षात सांगितलंत तसं, उजवीकडून, काळं सोडत, पांढरं उचलत, छत्तीसच्या छत्तीस चौकोन लावले. दोनदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून लावले. कडी ओढली.

नाही उघडलं. त्या मुलीनं मान हलवली.

चुकलात, भावजी! अशी चूक कार्ड पाडण्यात जन्म घालवलेल्या माणसालाच सुचावी. दुसरा कोण दाराच्या आत जाऊन, बापाच्या जागी उभा राहून नक्षी मागून बघेल? त्या शुक्रवारी मिटल्या डोळ्यांनी तुम्ही कुठं होतात ते मला चौकोन चौकोन कळलं. यंत्राशेजारी नव्हतातच. मी हसायला लागले आणि हसता हसता माझं जे व्हायचं ते झालं.

आवाजानं हे आले. तुम्ही गेल्यापासून ह्यांनी तुमचं नाव घेतलेलं नाही. तुमच्या खोलीकडं बघत नाहीत, जेवताना तुमच्या पाटाच्या बाजूला पाठ करून बसतात. दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं, आता चिडतील.

"काय झालं?"

"भावजींचं उत्तर घालून बघितलं. चुकलं."

"बरोबर कुटलं हाय मग? तुला म्हाईत हाय?"

मी चुकलेले चौकोन पुसून घेतले.

हे आत आले. चष्मा शर्टाला पुसला, खुर्ची ओढली, ती आधी माझ्या समोर ठेवली, मग उचलून शेजारी आणली. टॅब्लेट स्वतःकडं वळवला.

"दाखव बघू," म्हणाले. "कुटं अडकलाय त्यो?"

मी दार दाखवलं. काळं म्हणजे भोक, एवढं सांगितलं. मग दोन्ही हात मांडीखाली घातले आणि तोंड मिटून बसले.